सतरा नंबरच्या फोटोतलं धुराडं: अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जुन्या घरांचे फोटो कसे वाचावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अटलांटाच्या बाहेर एका इस्टेट सेलमध्ये तुम्ही 40 डॉलरला एक अल्बम घेतला. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: घरातलं म्हातारं माणूस गेलं की वारस दारं उघडी टाकतात आणि चमच्यापासून कपाटापर्यंत सगळं विकून मोकळे होतात, तो हा प्रकार.) काळ्या पानांचा, दोरी सुटलेला, 46 फोटोंचा अल्बम. बहुतेक फोटो उंच खांबांच्या घरांचे, काही पोस्टकार्डं, दोन पत्र्यावरचे फोटो. नावं जवळजवळ कुठेच नाहीत. ही घरं कुठली, फोटो कधीचे, किंमत काय येईल, जपायचे कसे आणि हॉलमध्ये फ्रेम करून लावावेत का, हे तुम्हाला विचारायचंय. नमुन्याला सहा फोटो पाठवलेत.

मी मूळची सांगलीची. गेली 22 वर्षं साउथ कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या समुद्रकाठच्या चार्ल्स्टन-सव्हाना पट्ट्यात माझं काम एवढंच: जुन्या घराची दुरुस्ती निघाली की जुने फोटो, नकाशे, विम्याचे कागद धुंडाळायचे आणि घर पूर्वी कसं होतं ते शोधून द्यायचं. गवंडी आणि सुतार माझ्यानंतर येतात. त्यामुळे फोटो सुंदर आहे की नाही, याकडे माझं लक्ष उशिरा जातं. आधी मी कोपरे बघते.

पहिली गोष्ट, आज रात्री अल्बमला हात लावू नका. फोटो पानांवरून सोलून काढायचा मोह सगळ्यांना होतो. शंभर वर्षांपूर्वीचा गोंद सुटत नाही, फोटोचा कागदच पातळ पापुद्र्याने निघून येतो आणि मागे पेन्सिलीने लिहिलेलं नाव पानाला चिकटून राहतं. शिवाय फोटोंचा क्रम हाही पुरावाच आहे. एका घराच्या पुढच्या-मागच्या पानावर कुठली घरं आहेत, यावरून अल्बम करणाऱ्याचा प्रवासाचा रस्ता कळतो. मी एकदा असाच एक रस्ता नदीकाठाने आखला होता. तीन घरं ओळखता आली, चौथं त्या तिघांच्या मधे असणार हे त्यामुळे कळलं आणि सापडलंही. तेव्हा आधी प्रत्येक पान जसंच्या तसं वरून टिपून घ्या, पानांना पेन्सिलीने क्रमांक द्या. मगच जे फोटो फक्त कोपऱ्यांच्या खाचांत अडकवलेले असतील तेवढेच हलक्या हाताने काढा आणि मागची बाजूही टिपा.

आता फोटो कधीचे. घर किती जुनं आणि फोटो किती जुना हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि लोक नव्वद टक्के वेळा ते एकच करून टाकतात. 1840 चं घर 1938 मध्येही टिपलेलं असू शकतं. म्हणून आधी कागद बघायचा, घर नंतर.

पत्र्यावरचे दोन फोटो म्हणजे टिनटाइप. खात्री करायची तर फ्रिजवरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून मागच्या बाजूने जवळ न्या; पत्रा लोखंडाचा असल्याने ओढ लागते. पोस्टकार्डांपैकी जी छापील नसून खऱ्या फोटो-कागदावरची आहेत, त्यांच्या मागे तिकीट चिकटवायच्या चौकोनात बहुधा ‘अ‍ॅझो’ (फोटो-कागदाचा ब्रँड) असं लिहिलेलं सापडेल. त्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांतले त्रिकोण वर टोक करून असतील तर कागद साधारण 1904 ते 1918 मधला. दोन वर, दोन खाली असतील तर 1918 ते 1930 मधला. मागची बाजू मधे रेघ मारून दोन भागांत वाटलेली असेल (डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता), तर कार्ड मार्च 1907 च्या आधीचं नाही, कारण त्याआधी पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायची परवानगीच नव्हती. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, पिवळट झाक आलेला पातळ फोटो म्हणजे बहुधा अल्ब्युमेन, अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला कागद. भिंगातून पाहिलंत तर कागदाचे तंतू दिसतात. तो एकोणिसाव्या शतकातला. आणि काळ्या भागांवर, विशेषतः कडांना, पाऱ्यासारखी निळसर चमक आली असेल तर तो जिलेटिनचा चंदेरी कागद, विसाव्या शतकाचा नेहमीचा.

एक मजेदार खूण सांगते, तुमच्या अल्बममध्ये असायची शक्यता कमी आहे तरी. यादवी युद्धाचा (1861-65, उत्तर विरुद्ध दक्षिण) खर्च भागवायला अमेरिकन सरकारने 1 सप्टेंबर 1864 ते 1 ऑगस्ट 1866 या काळात फोटोंवर कर लावला होता, त्यामुळे त्या दोन वर्षांतल्या फोटोंच्या मागे महसुलाचं तिकीट असतं. तुमचं अटलांटा सप्टेंबर 1864 मध्ये उत्तरेच्या सैन्याच्या हाती पडलं; त्याआधी तिथे या सरकारचा कर चालतच नव्हता. म्हणजे जॉर्जियातल्या घराच्या फोटोमागे असं तिकीट दिसलं, तर तो बहुधा युद्ध संपल्यानंतरच्या वर्षा-सव्वा वर्षातला आहे. फोटोची तारीख इतकी नेमकी क्वचितच हाती लागते.

टिनटाइपबद्दल अजून एक, आणि इथे मी स्वतः तोंडावर आपटलेय. पत्र्यावरची प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी असते: डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. चार्ल्स्टनमध्ये ‘सिंगल हाउस’ नावाचा घरांचा एक खास प्रकार आहे. घर एका खोलीइतकंच रुंद, अरुंद बाजू रस्त्याकडे आणि लांबच्या बाजूने वरखाली दोन-तीन मजली ओसरी, जिला तिथे पिआझा म्हणतात. रस्त्यावरचं दार उघडलं तर तुम्ही घरात नाही, ओसरीवर येता. ही ओसरी वारा मिळावा म्हणून बहुतेक दक्षिणेला किंवा पश्चिमेला असते. अशा एका घराचा टिनटाइप घेऊन मी दोन आठवडे रस्त्याची चुकीची बाजू तुडवत होते. शेवटी एका सुताराने फोटो माझ्या हातातून घेतला, खिडकीच्या काचेसमोर धरला आणि प्रतिबिंब मला दाखवलं. घर मी रोज जिथे गाडी लावत होते त्याच्या समोर होतं.

दुसरी चूक याहून महाग पडली. जुन्या काचेवरच्या आणि फिल्मवरच्या रसायनांना सगळे रंग दिसत नसत. ओल्या कोलोडियनला (काचेवर ओला असतानाच वापरायचा रसायनाचा थर) फक्त निळा प्रकाश कळे. पुढच्या काळातल्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटला निळा-हिरवा कळे, पण तांबडा नाही. म्हणून त्या फोटोंमध्ये निळं पांढरं होतं आणि तांबडं-पिवळं काळपट. ढग असलेलं आकाशही कोरं दिसतं ते याचमुळे. मला हे पाठ होतं, तरीही एका घराच्या 1880 च्या दशकातल्या फोटोत खिडक्यांच्या झडपा काळ्याकुट्ट दिसल्या म्हणून मी मालकांना ‘गडद हिरवा, जवळजवळ काळा’ असं लिहून दिलं. रंगाऱ्याने अर्धं घर रंगवल्यावर एका बिजागरीमागचा जुना रंग खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर झडपा विटकरी तांबड्या होत्या. तेव्हापासून काळ्यापांढऱ्या फोटोवरून रंग कोणी विचारला तर मी चाकू मागते. समुद्रकाठच्या गल्ला-गीची लोकांच्या (गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचे वंशज) परंपरेतून आलेली, ओसरीचं छत फिकट निळं रंगवायची पद्धत तुम्ही जॉर्जियात पाहिली असेल. भुतं-खेतं घरात येत नाहीत म्हणतात. जुन्या फोटोत तेच छत पांढरंशुभ्र दिसेल. आणि रंगीत पोस्टकार्डांवर तर विश्वास ठेवूच नका. कारखान्यात बसून रंग भरणाऱ्या माणसाने ते घर बहुधा पाहिलेलंच नसे.

आता घरं. तुम्ही पाठवलेल्या सहापैकी चार घरांना पुढे उंच खांब आहेत आणि तुम्ही चौघांनाही ‘प्लँटेशन’, म्हणजे गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या मोठ्या मळ्याची हवेली, म्हटलंय. खांब म्हणजे प्लँटेशन नव्हे. 1830 ते 1860 च्या दरम्यान ग्रीक देवळांची नक्कल करायची फॅशन साऱ्या देशात होती, कोर्ट, बँक, चर्च सगळ्यांना खांब लागले. शिवाय 1900 नंतर ‘जुनं वैभव’ म्हणून पुन्हा तसलीच घरं बांधली गेली. तुमचं तिसरं घर मला त्या दुसऱ्या लाटेतलं वाटतं: खांब फार शिडशिडीत, खिडक्या जोडीने आणि तावदानं मोठी. खिडकीच्या काचा मोजायची सवय लावून घ्या. वरखाली सरकणाऱ्या खिडकीत अठराव्या शतकात वर नऊ, खाली नऊ किंवा बारा-बारा तावदानं असत, कारण मोठी काच बनवणं अवघड होतं. खांबवाल्या काळात सहा-सहा. यादवी युद्धानंतर काच स्वस्त झाली आणि दोन-दोन आली. अर्थात खिडक्या बदलतात. म्हणून पुढची बाजू सोडून माळ्यावरची, मागच्या भिंतीवरची खिडकी बघा. खर्च करायचा नसेल तिथे माणूस जुनंच ठेवतो.

खांब दगडी वाटतात, पण बहुतेक आतून विटांचे, वरून चुन्याचा गिलावा. मिसिसिपी राज्यात विंडसर नावाचं घर होतं, 1890 मध्ये जळालं. आज 23 खांब उभे आहेत, गिलावा गळून आतल्या विटा उघड्या पडल्यात. ते घर पुरं असताना कसं दिसे हे कळलं ते एका युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, सैन्याधिकाऱ्याने 1863 मध्ये काढलेल्या रेखाचित्रावरून, आणि ते चित्र सापडायला 1990 चं दशक उजाडलं.

तुमच्या पाचव्या फोटोतलं घर जॉर्जियाचं नाही, लुइझियानाचं असावं. जोतं पुरुषभर उंच, चारी बाजूंनी सज्जा, छप्पर छत्रीसारखं खाली उतरलेलं आणि वर जायचा जिना घराच्या बाहेर, सज्ज्यातून. फ्रेंच-क्रिओल (फ्रेंच वसाहतीच्या काळापासूनच्या धाटणीच्या) घरांत मधला बोळ नसतो. प्रत्येक खोली सज्ज्यावर उघडते आणि सज्जा हाच रस्ता. अशा घरांच्या भिंतीत लाकडी सांगाड्यामधे माती आणि स्पॅनिश मॉस (झाडांवरून दाढीसारखी लोंबणारी वनस्पती) मळून भरलेला असे. कोकणात कुडाची भिंत पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि तुम्ही ‘ही काही खास नाही’ म्हणून ज्याबद्दल विचारलंही नाहीत, ती दोन लाकडी खोल्यांची झोपडी, मधून आरपार उघडा बोळ आणि वर एकच छप्पर? तिला डॉगट्रॉट म्हणतात. बोळातून वारा वाहतो, कुत्री तिथे लोळतात, उन्हाळ्यात माणसंही. दक्षिणेतल्या गरीब-मध्यम शेतकऱ्याचं घर म्हणजे हे. शहरात त्याच्या जागी शॉटगन घर: एका खोलीइतकं रुंद, खोल्या एकामागे एक, मधे बोळ नाही. हा नमुना हैतीमार्गे न्यू ऑर्लिन्सला आला असं मानणारे अभ्यासक बरेच आहेत. खांबवाल्या घरांचे हजार फोटो मिळतील, डॉगट्रॉटचे कमी, कारण त्यापुढे मुद्दाम थांबून कॅमेरा कोण लावणार?

एक बाई लावायची. फ्रान्सिस बेंजामिन जॉन्स्टन, जन्म 1864. तिला पहिला कॅमेरा कोडॅकवाल्या जॉर्ज ईस्टमनने दिला होता. वॉशिंग्टनमध्ये बड्या लोकांचे फोटो काढून नाव झालं, 1899-1900 मध्ये व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन इन्स्टिट्यूट या कृष्णवर्णीयांच्या शाळेचं मोठं काम तिने केलं. पुढे व्हर्जिनियात फ्रेडरिक्सबर्गच्या जुन्या इमारती टिपता टिपता तिच्या लक्षात आलं की या पडून चालल्यात. मग सत्तरीला टेकलेली ही बाई कार्नेगी कॉर्पोरेशन या देणगी देणाऱ्या संस्थेचे पैसे मिळवून 1930 चं जवळजवळ सगळं दशक गाडीने दक्षिण फिरली. तिच्या त्या सर्वेक्षणात 7,100 हून अधिक फोटो आहेत, सुमारे 1,700 वास्तूंचे. हवेल्या आहेतच, पण गिरण्या, खानावळी, धान्याची कोठारं, गुलामांच्या खोल्या, पडायला आलेली शेतघरंही आहेत. तिच्या फोटोत भिंती ओळंब्यात सरळ उभ्या असतात. कॅमेरा वर न झुकवता, भात्याच्या मोठ्या कॅमेऱ्याचं भिंग तेवढं वर सरकवलं की असं होतं. तुमच्या अल्बममध्ये घराचे खांब वर जाऊन आत झुकलेले दिसतात, ते हातात धरून काढलेल्या साध्या कॅमेऱ्याचे. म्हणजे अल्बम हौशी माणसाचा. हे वाईट मानू नका. हौशी माणूस चुकून बरंच टिपतो.

त्याच सुमाराला, 1933 च्या नोव्हेंबरात, नॅशनल पार्क सर्व्हिसमधल्या चार्ल्स पीटरसन नावाच्या वास्तुविशारदाने एक टिपण लिहिलं: मंदीत बेकार झालेल्या हजार वास्तुविशारदांना सहा महिने कामाला लावू आणि देशातल्या जुन्या इमारती मोजून-टिपून घेऊ. त्यातून हॅब्स उभं राहिलं, ऐतिहासिक अमेरिकन इमारतींचं सर्वेक्षण, आणि ते आजही चालू आहे. तुमच्यासाठी ही खाण आहे. अलाबामात अ‍ॅलेक्स बुश, मिसिसिपीत जेम्स बटर्स, लुइझियानात रिचर्ड कोच अशांनी काढलेले फोटो, बहुतेकांखाली तारीख आणि दिशा: ‘समोरून, पश्चिम’, ‘मागून’, ‘स्वयंपाकघर’. सगळं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या (अमेरिकन संसदेचं ग्रंथालय) संकेतस्थळावर फुकट, मोठ्या आकारात उतरवता येतं. दिशा लिहिलेली असल्याने सावल्यांवरून तुमच्या फोटोतली बाजूही जुळवता येते.

शोधायचं कसं ते नेमकं सांगते. घराचं नाव माहीत नसताना नावाने शोधता येत नाही, म्हणून काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) धरून शोधा. अल्बममधल्या एखाद्या पोस्टकार्डावर गावाचं नाव छापलेलं असतंच. तिथून सुरुवात करा, त्याच काउंटीतले हॅब्सचे सगळे फोटो एका बैठकीत डोळ्याखालून घाला. कॉफी घेऊन बसा. खांबांची संख्या, खांबांच्या डोक्यावरची नक्षी, दारावरची अर्धगोल काच आणि धुराड्यांच्या जागा एवढ्या चारच गोष्टी जुळवायच्या. झाडं आणि रंग यांकडे दुर्लक्ष. शेजारी पोस्टकार्डं छापणाऱ्या डेट्रॉइट पब्लिशिंग कंपनीचा संग्रहही तिथेच आहे, 1900 च्या आसपासच्या शहरांसाठी उत्तम. जॉर्जियापुरतं बोलायचं तर ‘व्हॅनिशिंग जॉर्जिया’ हा लोकांच्या घरांतून जमवलेल्या सुमारे 18,000 फोटोंचा संग्रह आहे, तो डिजिटल लायब्ररी ऑफ जॉर्जियावर बघता येतो. गावातलं घर असेल तर सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे काढा. त्यात एकेका इमारतीच्या पायाचा आकार काढलेला असतो, वीट असेल तर गुलाबी, लाकूड असेल तर पिवळा. फोटोत घर विटांचं दिसतंय आणि नकाशात पिवळं आहे, तर एक तर घर चुकलं किंवा विटा म्हणजे नुसता मुलामा आहे.

चार्ल्स्टनसाठी अजून एक सोपी खूण: भिंतीवर लोखंडी गोल किंवा चांदणीसारख्या चकत्या. 31 ऑगस्ट 1886 च्या भूकंपानंतर भिंती एकमेकींना आरपार सळ्यांनी आवळल्या, त्या सळ्यांची ही टोकं. दिसल्या तर फोटो बहुधा भूकंपानंतरचा. आणि घरावर कुडझूची वेल चढलेली असेल तर फोटो 1930 च्या दशकाच्या फार आधी नेऊ नका. जमिनीची धूप थांबवायला सरकारनेच ती तेव्हा मोठ्या प्रमाणावर लावायला लावली आणि आता ती कोणाचंच ऐकत नाही.

यातली काही घरं आता नसतीलच. लुइझियानात व्हाइट कॅसलजवळ बेल ग्रोव्ह नावाची हवेली होती. छायाचित्रकार वॉकर एव्हान्सने 1935 मध्ये सरकारी कामावर असताना तिचे फोटो काढले, त्यातला रिकाम्या न्याहारीच्या खोलीचा फोटो फार प्रसिद्ध आहे. 1952 मध्ये ती जळाली. तिच्याच शेजारची नॉटोवे, दक्षिणेतल्या सर्वांत मोठ्या राहिलेल्या हवेल्यांपैकी एक, 15 मे 2025 ला जळाली, आणि त्या दिवशी निम्मे लोक हळहळले, निम्मे खूश झाले. अंकल सॅम नावाचं अख्खं प्लँटेशन 1940 मध्ये मिसिसिपी नदीचा बांध मागे घ्यायचा म्हणून पाडलं. हॅब्सचे फोटो आणि आराखडे तेवढे उरले.

नॉटोवेच्या वेळी खूश झालेल्यांचं म्हणणं सोपं आहे, आणि ते तुमच्या शेवटच्या प्रश्नाशी येऊन भिडतं. ही घरं गुलामांनी बांधली. विटा त्यांनी थापल्या. चार्ल्स्टन भागातल्या जुन्या विटांवर बोटांचे ठसे सापडतात, काही इतके लहान की माझ्या करंगळीचं टोकही त्यात पुरं बसत नाही. पोरांची बोटं. ओली वीट उचलताना उमटलेली. एका भिंतीच्या दुरुस्तीत मी अशी वीट हातात धरली तेव्हा गवंडी म्हणाला, ठसा आत ठेवू की बाहेर? आम्ही बाहेर ठेवला.

चार्ल्स्टनजवळच्या बून हॉलला तुम्ही कधीतरी जालच, सगळे जातात. ओकच्या झाडांची लांबलचक दुतर्फा रांग आणि टोकाला खांबवाली हवेली, सगळे तिचाच फोटो काढतात. ती हवेली 1936 ची आहे. तिथलं खरं जुनं काय, तर रस्त्याकडेच्या गुलामांच्या नऊ विटांच्या खोल्या, 1800 च्या आगेमागे बांधलेल्या. म्हणजे अल्बममध्ये त्या हवेलीचा फोटो असेल तर तो 1936 नंतरचा, आणि ‘युद्धापूर्वीचं घर’ असं खाली कोणी लिहिलं असेल तर तो फोटो खोटा नाही, लिहिणारा चुकलाय.

दक्षिणेतलं घर म्हणजे फक्त गोऱ्यांचं घर असंही नाही. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांनी जॉर्जियातल्या कृष्णवर्णीयांच्या आयुष्याचे अल्बम केले होते. त्यात अटलांटाचे छायाचित्रकार थॉमस अ‍ॅस्क्यू यांचंही काम आहे, आणि त्यात नीटनेटक्या ओसऱ्यांची, कुंपणाची, पियानो असलेली घरं आहेत, तुमच्याच शहरातली. तेही लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये बघता येतात. साउथ कॅरोलिनात कोलंबियाला रिचर्ड सॅम्युएल रॉबर्ट्स या छायाचित्रकाराच्या 1920 ते 36 मधल्या सुमारे 3,000 काचेच्या प्लेटा त्याच्या घराच्या जमिनीखालच्या पोकळीत कित्येक वर्षं पडून होत्या. दक्षिणेतली घरं ठेंगू विटांच्या खांबांवर उचललेली असतात, ओल आणि वाळवी लागू नये म्हणून. त्या फटीत कृष्णवर्णीय कोलंबियाचे चेहरे जपले गेले.

आता तुमचा फोटो क्रमांक 17. तुम्ही तो ‘सगळ्यात छान’ म्हणून पाठवलात. सहा खांब, मधे दार, पायऱ्यांवर पांढऱ्या कपड्यांतली बाई, उजवीकडे मोटारीचं चाक आणि अर्धा मडगार्ड. पांढरी किनार, कागद जिलेटिनचा, मोटार पाहता 1920 च्या आसपासचा. मी मात्र डाव्या कडेला बराच वेळ अडकले. मुख्य घरापासून सुटं, जाडजूड धुराडं आहे. त्याच्या बाजूची भिंत फोटोच्या कडेने कापली गेलीय. उष्णता आणि आगीची भीती यामुळे स्वयंपाकघर घरापासून वेगळं बांधत, म्हणून आधी मला तेच वाटलं. पण पुन्हा पाहिलं तर धुराडं छपराच्या टोकाला नाही, मधोमध वर आलंय. आणि खाली, झुडपामागे, एक दार पूर्ण दिसतं. फोटोची कड जिथे कापते तिथे दुसऱ्या दाराची उभी पट्टी आहे. मधे एक धुराडं, दोन्ही बाजूंना एकेक खोली, एकेक दार: हे दोन कुटुंबांचं घर आहे, एकाच चुलखंडाच्या दोन्ही अंगांना संसार. गुलामांच्या वस्तीत हा नमुना जागोजागी होता, आणि 1865 मध्ये गुलामगिरी संपल्यावर वाटेकरी शेतकरी त्याच खोल्यांत राहत राहिले. दारात काहीतरी उभं आहे. कदाचित खांबाला टांगलेलं कापड, कदाचित माणूस, फोटो निघताना हललेलं. तुमच्या स्कॅनमध्ये ते तीन पांढरे ठिपके आहेत.

किंमतीचं पटकन सांगून टाकते. अनोळखी घराचा फोटो काही डॉलरचा. घर, वर्ष आणि छायाचित्रकार कळले की भाव वाढतो, पण तुमच्या अल्बमने घराचा हप्ता फिटणार नाही. सुटे करून विकू मात्र नका. असं केलं की वर सांगितलेला रस्ता कायमचा तुटतो. जपायचं तर अल्बम आडवा, आम्लमुक्त खोक्यात, माळ्यावर किंवा तळघरात नाही, तर कपड्यांच्या कपाटात. अल्बमसोबत निगेटिव्ह सापडल्या आणि त्यांच्या कडेला ‘सेफ्टी’ असं लिहिलेलं नसेल, त्यांना उग्र वास येत असेल, चिकट झाल्या असतील, तर त्या नायट्रेटच्या असू शकतात. त्या जोरात पेट घेतात. घराबाहेर गार जागी ठेवा, स्कॅनरच्या गरम दिव्याखाली नेऊ नका, आणि जवळच्या विद्यापीठाच्या अभिलेखागाराला विचारा.

हॉलमध्ये मूळ फोटो कधीच लावू नका, उजेडाने विटतात. प्रत काढून लावा. कुठली, हे तुमच्यावर आहे. माझ्या घरात खांबांचा एकही फोटो नाही. जॉन्स्टनबाईंनी टिपलेल्या एका मोडक्या स्वयंपाकघराची प्रत आहे, आणि सासूबाई आल्या की दरवेळी विचारतात, एवढा अंधार भिंतीवर कशाला.

आता पुढचं काम. 17 नंबरचा फोटो कोपऱ्यांत अडकवलेला असेल तर काढा, चिकटवलेला असेल तर पानासकट ठेवा. 1200 डीपीआयवर, टिफमध्ये, कुठलीही ‘सुधारणा’ न करता फक्त डावा तृतीयांश स्कॅन करा. मागची बाजू निघत असेल तर दिवे घालवून मोबाइलचा टॉर्च कागदाच्या अगदी कडेने आडवा धरा. पेन्सिलीची अक्षरं पुसली गेली तरी दाब राहतो, तो आडव्या उजेडात सावलीने उठतो. आणि अल्बममध्ये 16 आणि 18 नंबरला कुठली घरं आहेत तेही पाठवा. काउंटी कळली की त्या दारात कोण राहत होतं, हे जनगणनेच्या 1920 च्या याद्यांत घरोघर लिहिलेलं आहे.